गोलसमोर पाय रोवून

८ सप्टेंबर १९७२. व्हँकुव्हरच्या पॅसिफिक कोलिझियममध्ये कॅनडाचे आइस हॉकीपटू बर्फावरून बाहेर पडत होते आणि त्यांच्याच देशाचे प्रेक्षक त्यांची हुर्यो उडवत होते. सोव्हिएत संघानं त्यांना ५-३ असं हरवलं होतं. आठ सामन्यांच्या मालिकेतले कॅनडात व्हायचे चारही सामने आता झाले होते. दोन सोव्हिएत संघानं जिंकले, एक कॅनडानं, आणि एक बरोबरीत सुटला. उरलेले चार सामने मॉस्कोत होते.

ही हुर्यो नीट कळायची तर त्यामागचा गर्व माहीत हवा. आइस हॉकी ही कॅनडाची मिरास, अशी तिथल्या माणसाची पक्की समजूत होती. त्या काळी जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत आणि ऑलिंपिकमध्ये व्यावसायिक खेळाडूंना मज्जाव होता. सोव्हिएत खेळाडू कागदोपत्री हौशी होते, प्रत्यक्षात मात्र सैन्याच्या आणि सरकारी क्लबांमधून वर्षभर सराव करत. वर्षानुवर्षं तेच जगज्जेते ठरत आणि कॅनडाची माणसं म्हणत, आमचे खरे खेळाडू उतरू द्या, मग बघू. या वादातूनच १९७० मध्ये कॅनडानं आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधून अंग काढून घेतलं. १९७२ च्या सप्टेंबरात अखेर नॅशनल हॉकी लीगचे, म्हणजे एनएचएलचे, व्यावसायिक खेळाडू सोव्हिएत संघासमोर उभे राहिले. आठही सामने कॅनडा सहज जिंकणार, असं वर्तमानपत्रांतले जाणकार लिहीत होते. २ सप्टेंबरला माँट्रियलमध्ये पहिल्या तीस सेकंदांत कॅनडाचा पहिला गोल झाला तेव्हा ते खरंही वाटलं. पण तो सामना सोव्हिएत संघानं ७-३ असा जिंकला, आणि सहा दिवसांनी व्हँकुव्हरला ही वेळ आली.

सामना संपल्यावर दूरचित्रवाणीच्या मुलाखतीसाठी एक खेळाडू बर्फाच्या कडेला येऊन थांबला. माँट्रियलचा तो तीस सेकंदांतला गोल त्याचाच होता. सहा फूट एक इंच उंची, भरदार खांदे, घामानं चिकटलेले काळे केस, कपाळावरून गालांवर ओघळणारा घाम. त्यानं सबबी सांगितल्या नाहीत. आम्ही जीव तोडून खेळलो, समोरचा संघ खरोखर चांगला आहे हे मान्य करू या, असं तो देशाला उद्देशून म्हणाला. आपल्याच माणसांनी हुर्यो उडवली याचं सगळ्या संघाला दुःख झालंय हेही त्यानं लपवलं नाही. मॉस्कोतल्या लोकांनी आपल्या खेळाडूंची अशी हुर्यो उडवली तर मी परत येऊन एकेका कॅनेडियन माणसाची माफी मागेन, पण तसं होईलसं मला वाटत नाही, असंही तो म्हणाला. आणि आम्ही इथे आलो ते पैशासाठी नाही, कॅनडावर प्रेम आहे म्हणून, एवढं सांगून तो आत गेला.

लिहून आणलेलं असं त्यात काही नव्हतं. पण त्या दोन-तीन मिनिटांनी देशाचा नूर पालटला. या संघाला अधिकृत कर्णधार नव्हता, चार उपकर्णधार होते. त्या रात्रीनंतर कर्णधार कोण, हे कुणाला विचारावं लागलं नाही. त्या खेळाडूचं नाव फिल एस्पोझिटो.

पोलादाच्या गावातली दोन भावंडं

ऑन्टारियो प्रांतात, अमेरिकेच्या सीमेवर, सेंट मेरीज नदीकाठी सू सेंट मरी नावाचं गाव आहे. गाव अल्गोमा स्टीलच्या पोलाद कारखान्यावर जगणारं. इटलीतून आलेल्या कुटुंबांची मोठी वस्ती तिथे होती, त्यांतलंच एक एस्पोझिटोंचं. वडील पोलाद कारखान्यात कामाला. फिलचा जन्म २० फेब्रुवारी १९४२ चा, धाकट्या टोनीचा २३ एप्रिल १९४३ चा. थोरल्यानं गोल मारायचे आणि धाकट्यानं अडवायचे, ही वाटणी लहानपणीच झाली आणि पुढे जन्मभर टिकली. फिल लीगमधल्या सर्वाधिक गोल करणाऱ्या खेळाडूंपैकी एक झाला आणि टोनी तिथल्याच सर्वोत्तम गोलरक्षकांपैकी एक.

नियतीनं दोघांची गाठही अशी घातली की कादंबरीकारानं लिहिली असती तर ओढूनताणून वाटली असती. ५ डिसेंबर १९६८ रोजी माँट्रियलकडून टोनी एनएचएलमध्ये पहिल्यांदाच सुरुवातीपासून गोलमध्ये उभा राहिला. समोर होता बॉस्टनचा संघ. सामना २-२ असा बरोबरीत सुटला आणि बॉस्टनचे दोन्ही गोल फिलनं मारले होते.

फिलची स्वतःची सुरुवात मात्र रखडत झाली. स्केटिंगमध्ये तो कधीच देखणा नव्हता. शिकागो ब्लॅक हॉक्सच्या मुख्य संघात तो १९६४ च्या जानेवारीत आला तो बॉबी हल या झंझावाती खेळाडूच्या शेजारी, त्याला पक पुरवण्याच्या कामावर. पक म्हणजे तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची, कडक रबराची चकती. या खेळात चेंडूच्या जागी तीच असते. १९६७ च्या बाद फेरीत टोरंटोविरुद्ध सहा सामन्यांत फिलच्या नावावर ना एक गोल लागला, ना गोलसाठी एक पास. १५ मे १९६७ रोजी शिकागोनं त्याला केन हॉज आणि फ्रेड स्टॅनफिल्डबरोबर बॉस्टनला देऊन टाकलं. त्या बदल्यात घेतलेल्या तीन खेळाडूंपेक्षा आपण दिलेले तिघे काय ताकदीचे होते, हे शिकागोला पुढची सात-आठ वर्षं दर हंगामात कळत राहिलं.

मार खाण्याची जागा

आपल्याकडे हॉकी म्हटलं की मोकळं मैदान डोळ्यांसमोर येतं. आइस हॉकीचं रिंगण दोनशे फूट लांब, पंचाऐंशी फूट रुंद आणि भोवती भिंत. एका बाजूला गोलरक्षक धरून सहा खेळाडू. सीमारेषा नाही, त्यामुळे पळायला जागा नाही आणि धक्का देणं हा खेळाचाच भाग. गोल अवघा सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. पायांना मोठे पॅड बांधलेला गोलरक्षक त्यात उभा राहिला की दिसायला जागाच उरत नाही.

गोलच्या समोर, दहा-पंधरा फुटांच्या टापूत, एक जागा असते. तिथून मारलेला पक अडवायला गोलरक्षकाला क्षणाचाही अवधी मिळत नाही. ही गोष्ट सगळ्यांनाच ठाऊक असते, म्हणून तिथे उभं राहणाऱ्याला बचावपटू सुखानं राहू देत नाहीत. पाठीत, बरगडीत, मनगटावर काठ्या बसतात. मानेवर कोपर येतं. मागून आपल्याच सहकाऱ्यानं मारलेला पक ताशी शंभर मैलांच्या आसपास वेगानं येत असतो. चपळ, नाजूक खेळाडू या जागेतून जाताजाता हात मारून निघून जातात. एस्पोझिटोनं तिथे मुक्काम ठोकला.

बॉस्टनमध्ये त्याच्यामागे बॉबी ऑर होता, बचावपटू असून पुढे येऊन खेळ रचणारा असामान्य खेळाडू. एका कोपऱ्यात वेन कॅशमन, दुसऱ्यात केन हॉज. दोघांचं काम भिंतीशी झुंजून पक बाहेर काढणं. एस्पोझिटो मधोमध पाय फाकवून, काठी बर्फावर टेकवून उभा. पाठीवर दोन माणसं लोंबकळत असतानाही त्याचे हात मोकळे राहत. पक आला की तो थांबवून नेम धरत बसायचा नाही, मनगटाच्या एका झटक्यात सोडून द्यायचा. गोलरक्षकानं अडवलेला पक परत समोर पडला तर तिथे पहिली काठी त्याचीच असे. बॉस्टनच्या मोटारींवर तेव्हा एक स्टिकर दिसायचा. येशू तारतो, पण अडवून परत आलेल्यावर एस्पो गोल मारतो, असा त्याचा मतलब. इंग्रजीत तारणं आणि गोल अडवणं याला एकच शब्द असल्यानं ती कोटी जमली होती. श्रद्धाळू शहरानं दिलेला तो मोठाच सन्मान होता.

एनएचएलमध्ये गोल केल्याचा एक गुण आणि गोलसाठी पास दिल्याचाही एक. एका हंगामात शंभर गुण तोवर कुणीही केले नव्हते. २ मार्च १९६९ रोजी एस्पोझिटोनं ती वेस ओलांडली आणि हंगाम संपवला १२६ गुणांवर. १९७०-७१ च्या हंगामात त्यानं ७६ गोल केले, तितक्याच गोलांना हात लावला आणि गुण झाले १५२. त्याआधीचा गोलांचा विक्रम बॉबी हलचा, ५८ चा. एका झेपेत त्यात अठराची भर पडली. त्या वर्षी त्यानं गोलवर ५५० फटके मारले. एका हंगामातला हा आकडा आजतागायत कुणी ओलांडलेला नाही. हंगामातल्या सर्वाधिक गुणांची आर्ट रॉस ट्रॉफी त्यानं पाच वेळा घेतली, सर्वोत्तम खेळाडूची हार्ट ट्रॉफी दोनदा. १९७० मध्ये बॉस्टननं २९ वर्षांनंतर स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं अजिंक्यपद, जिंकला, १९७२ मध्ये पुन्हा जिंकला.

तरीही टीकाकार म्हणायचे, हा कचरा वेचणारा, गोलसमोर पडलेलं उचलतो. ही टीका करणाऱ्यांनी ती जागा पाहिली होती, तिथे उभं राहण्याची किंमत पाहिली नव्हती. पडलेलं उचलायलाही तिथे कुणीतरी असावं लागतं. पुढच्या सगळ्या आयुष्यात एस्पोझिटोनं ज्या जागा निवडल्या, त्याही अशाच होत्या.

मॉस्को

२२ सप्टेंबर १९७२ रोजी लुझ्निकीच्या क्रीडागृहात पाचवा सामना होता. खेळाडूंची ओळख करून देताना त्यांना फुलं दिली गेली. त्यातलं एखादं देठ बर्फावर पडलं असावं. एस्पोझिटोचं नाव पुकारलं गेलं, तो पुढे सरकला आणि स्केट त्यावर येऊन सरळ पाठीवर आपटला. मॉस्कोच्या प्रेक्षकांसमोर, दोन्ही देशांच्या दूरचित्रवाणीवर. दुसरा कुणी ओशाळून रांगेत परतला असता. हा उठला आणि नाटकातल्या नटासारखा कमरेत वाकून त्यानं प्रेक्षकांना अभिवादन केलं. गंभीर चेहऱ्याचं ते सगळं क्रीडागृह हसलं.

तो सामना कॅनडानं ४-५ असा गमावला. आता उरलेले तिन्ही जिंकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. सहावा कॅनडानं ३-२ असा जिंकला. सातवा ४-३, त्यात एस्पोझिटोचे दोन गोल. २८ सप्टेंबरचा आठवा सामना शेवटच्या वीस मिनिटांत शिरला तेव्हा सोव्हिएत संघ ५-३ असा पुढे होता. कॅनडात कचेऱ्यांचं काम थांबलं होतं, शाळांतून दूरचित्रवाणी संच लावले होते. अडीच मिनिटं होण्याआधी एस्पोझिटोनं चौथा गोल केला. इव्हान कुर्नोयेनं पाचवा केला, त्याआधीची धडपडही एस्पोझिटोचीच. आणि शेवटची ३४ सेकंदं उरली असताना एस्पोझिटोनं गोलसमोरून पक हाणला. सोव्हिएत गोलरक्षक व्लादिस्लाव त्रेत्याकनं तो अडवला, पण पक समोर सुटला. तिथे पोचलेल्या पॉल हेंडरसननं दुसऱ्या प्रयत्नात तो आत ढकलला. कॅनडा ६-५.

कॅनडाच्या इतिहासात तो गोल हेंडरसनच्या नावानं अमर आहे आणि ते योग्यच आहे. पण मालिकेत सर्वाधिक गुण एस्पोझिटोचे होते, सात गोल आणि सहा पास मिळून तेरा. व्हँकुव्हरला बोललेला शब्द त्यानं मॉस्कोत खरा करून दाखवला. नुसता बोलला असता तर ते भाषण आज कुणाच्या लक्षातही नसतं.

न्यू यॉर्क: माइक आणि टेबल

७ नोव्हेंबर १९७५ रोजी बॉस्टननं त्याला न्यू यॉर्क रेंजर्सला देऊन टाकलं. ज्या शहरासाठी इतकं केलं, त्यानं असं करावं, याचा धक्का त्यानं कधी लपवला नाही. न्यू यॉर्क हा बॉस्टनचा हाडवैरी. तिथल्या प्रेक्षकांनी त्याला वर्षानुवर्षं शिव्या घातलेल्या. तरी तो तिथे रुजला, कर्णधार झाला, आणि १९७९ मध्ये वयाच्या ३७ व्या वर्षी त्यानं त्या संघाला स्टॅन्ली कपच्या अंतिम मालिकेपर्यंत नेलं. तिथे माँट्रियल भारी पडलं. १९८१ च्या जानेवारीत त्यानं स्केट्स उतरवले तेव्हा त्याच्या खात्यात १२८२ सामने, ७१७ गोल आणि १५९० गुण होते. गोलांत आणि गुणांत त्याच्यापुढे तेव्हा एकटा गॉर्डी होव होता.

मग तो रेंजर्सच्या सामन्यांचा दूरचित्रवाणी समालोचक झाला. जुना खेळाडू माइकसमोर बसला की बहुधा जपून बोलतो, कारण ज्यांच्याविषयी बोलायचं ते कालचे सोबती असतात. एस्पोझिटोला जपून बोलणं जमणारं नव्हतं. १९८२ च्या फेब्रुवारीत त्याचा ७६ गोलांचा विक्रम मोडीत निघायची वेळ आली तेव्हा तो वेन ग्रेट्झकीच्या पाठोपाठ गावोगाव गेला. २४ फेब्रुवारीला बफेलोत ७७ वा गोल झाल्यावर त्यानं बर्फावर उतरून आपला विक्रम मोडणाऱ्या २१ वर्षांच्या पोराला तो पक स्वतः दिला. ग्रेट्झकीनं तो हंगाम ९२ गोलांवर संपवला.

१९८६ मध्ये रेंजर्सनं त्याला जनरल मॅनेजर केलं. संघ बांधायचा, खेळाडू घ्यायचे-द्यायचे, प्रशिक्षक नेमायचा, हे सगळं या खुर्चीकडे. तीन वर्षांत त्यानं खेळाडूंची इतकी अदलाबदल केली की ‘ट्रेडर फिल’ हे नाव त्याला चिकटलं. क्विबेकच्या संघाचा प्रशिक्षक मिशेल बर्जेरॉन हवा म्हणून त्यानं चक्क नवोदितांच्या निवडीतला पहिल्या फेरीचा हक्क देऊन टाकला. १९८९ मध्ये हंगामाचे दोन सामने उरले असताना त्याच बर्जेरॉनला काढून तो स्वतः प्रशिक्षक म्हणून बाकामागे उभा राहिला. बाद फेरीत पिट्सबर्गनं रेंजर्सना सलग चार सामन्यांत गुंडाळलं आणि मे महिन्यात एस्पोझिटोचीही नोकरी गेली. गोलसमोर ज्या तत्परतेनं यश दिलं, तीच टेबलामागे घातक ठरली. संघ बांधायला वाट पाहावी लागते आणि मनगटाच्या झटक्यात पक सोडण्याची सवय असलेल्या माणसाला वाट पाहणं अवघड जातं.

त्या खडतर वर्षांतली एक रात्र मात्र त्याच्या आयुष्यातली सर्वांत गोड होती. ३ डिसेंबर १९८७, बॉस्टन गार्डन. बॉस्टन त्याचा ७ क्रमांक निवृत्त करणार होतं आणि सामना होता नेमका त्याच्याच रेंजर्सशी. अडचण अशी की ७ क्रमांकाची जर्सी बॉस्टनचा कर्णधार रे बोर्क आठ वर्षं घालत होता. त्यानं तो क्रमांक पुढेही घालावा आणि नंतर तो दोघांच्या नावे राहावा, असं सगळे धरून चालले होते. सोहळ्यात बोर्क स्केटिंग करत एस्पोझिटोजवळ आला. त्यानं अंगातली ७ क्रमांकाची जर्सी डोक्यावरून काढली आणि त्याच्या हाती दिली. आत दुसरी जर्सी होती, ७७ क्रमांकाची. एस्पोझिटोला याचा पत्ता नव्हता. बोलण्यात कधी न अडखळणारा हा माणूस त्या क्षणी अवाक होऊन नुसता बघत राहिला. बारा वर्षांपूर्वी ज्या शहरानं त्याला देऊन टाकलं होतं, त्यानं आपला ७ क्रमांक कायमचा त्याच्या नावे केला.

बर्फ नसलेल्या गावात

नोकरी गेल्यावर ४७ व्या वर्षी एस्पोझिटोनं जे ठरवलं, ते ऐकून बहुतेकांनी मान हलवली. एनएचएल नवे संघ देणार होती. १९८८ मध्ये ग्रेट्झकी लॉस एंजेलिसला गेल्यापासून उबदार प्रदेशातही हा खेळ रुजेल अशी आशा लीगला वाटू लागली होती. एस्पोझिटोनं बोट ठेवलं ते फ्लॉरिडातल्या टँपावर. समुद्रकाठ, ताडाची झाडं, बारा महिने घाम. बर्फ पाहायचा तर पेयाच्या पेल्यात. नव्या संघासाठी लीगची किंमत होती पाच कोटी डॉलर आणि त्याच्या खिशात त्यातलं काहीच नव्हतं.

होतं ते नाव, आणि बोलून माणूस वळवायची ताकद. ती घेऊन तो दारोदार फिरला. शिकागोचं धनाढ्य प्रित्झकर घराणं आधी तयार झालं आणि मग मागे सरलं. शेजारच्या सेंट पीटर्सबर्गसाठी दुसरा, पैशानं भक्कम गट रिंगणात होता. १९९० च्या डिसेंबरात फ्लॉरिडातल्याच पाम बीचला लीगच्या मालकांची सभा भरली. प्रतिस्पर्धी गट पैसे भरण्याच्या अटींवर घासाघीस करत होता. एस्पोझिटोनं पाचही कोटी, लीग म्हणेल तसे, कबूल करून टाकले. टँपा आणि ओटावा यांना संघ मिळाले.

कबूल केलेला पैसा उभा करणं हे त्याहून कठीण होतं. तो अखेर जपानमधून आला, गोल्फ मैदानं चालवणाऱ्या कोकुसाई ग्रीन या कंपनीच्या गटाकडून. ताकाशी ओकुबो हे मालक टँपात जवळजवळ दिसतच नसत. एस्पोझिटो अध्यक्षही झाला आणि जनरल मॅनेजरही. टोनी कामकाजात साथीला आला, प्रशिक्षक झाला टेरी क्रिस्प. संघाचं नाव ठेवलं लाइटनिंग, कारण त्या किनाऱ्यावर विजा फार पडतात. खेळायला जागा मिळाली ती राज्याच्या जत्रा-मैदानावरच्या एक्स्पो हॉलमध्ये, जेमतेम दहा-साडेदहा हजार लोक मावतील अशी.

पहिला सामना व्हायच्या आधीच या संघानं जगाचं लक्ष वेधलं. क्विबेकची मॅनॉन रेओम ही वीस वर्षांची गोलरक्षक एस्पोझिटोनं सराव शिबिराला बोलावली. २३ सप्टेंबर १९९२ रोजी सेंट लुईसविरुद्धच्या सराव सामन्यात ती पहिला डाव गोलमध्ये उभी राहिली. नऊ फटक्यांपैकी तिनं सात अडवले. एनएचएल संघाकडून सामन्यात उतरलेली ती पहिली स्त्री. यात प्रसिद्धीचा हिशेब होता हे एस्पोझिटोनं कधी नाकारलं नाही. टीका झाली, थट्टा झाली. पण ती ज्यांच्यासमोर उभी राहिली ते फटके थट्टेचे नव्हते. पुढे १९९८ मध्ये नागानो ऑलिंपिकमध्ये महिलांचं आइस हॉकी पहिल्यांदा आलं तेव्हा रेओम कॅनडाच्या रौप्यपदक विजेत्या संघात होती.

७ ऑक्टोबर १९९२ रोजी पहिला अधिकृत सामना झाला. समोर शिकागो ब्लॅक हॉक्स, पंचवीस वर्षांपूर्वी एस्पोझिटोला देऊन टाकणारा तोच संघ. एक्स्पो हॉलमध्ये जमलेल्या अनेकांनी हा खेळ आयुष्यात प्रथमच समोर पाहिला. कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या ख्रिस काँटोसनं एकट्यानं चार गोल केले आणि टँपानं ७-३ असा विजय मिळवला. नव्या संघानं मातब्बरांना असं लोळवावं, ही त्या हंगामातली मोठी बातमी होती. हंगामाच्या शेवटी हिशेब २३ विजय आणि ५४ पराभव असाच होता, पण टँपातल्या पोरांना आता आपली म्हणता येईल अशी एक जर्सी होती.

पुढच्या वर्षी संघ सेंट पीटर्सबर्गच्या बेसबॉलसाठी बांधलेल्या प्रचंड घुमटात गेला. २३ एप्रिल १९९६ रोजी, पहिल्यांदाच गाठलेल्या बाद फेरीत, फिलाडेल्फियाविरुद्धचा सामना पाहायला तिथे २८,१८३ लोक आले. त्याच वर्षी टँपात संघाचं स्वतःचं क्रीडागृह उभं राहिलं. पण आतून घर पोखरत होतं. मालक दूरदेशी, कर्जाचा डोंगर वाढता, खेळाडू घ्यायला पैसा नाही. १९९८ मध्ये विम्याच्या धंद्यातल्या आर्ट विल्यम्सनी संघ विकत घेतला आणि ऑक्टोबरमध्ये, हंगामाचे दोन सामने होताहोताच, फिल आणि टोनी या दोघांनाही घरी बसवलं. शून्यातून उभं केलेलं दार त्याच्याच तोंडावर बंद झालं.

पुन्हा माइकपाशी

अशा वेळी माणसं गाव सोडतात. एस्पोझिटोनं टँपा सोडलं नाही. मालक बदलल्यावर १९९९ मध्ये तो लाइटनिंगच्या सामन्यांचा रेडिओ समालोचक म्हणून परतला. खुर्ची छोटी, अधिकार शून्य, काम एवढंच की आपल्या हातून गेलेल्या संघाविषयी लोकांना सांगत राहायचं. ते त्यानं मनापासून केलं. बचावपटू ढिला पडला की तो चिडायचा, गोल झाला की ओरडायचा. पंचांशी त्याचं कधीच पटलं नाही. हॉकीचं बाळकडू नसलेल्या शहराला गोलसमोरच्या त्या दहा फुटांत काय चालतं, हे तिथे आयुष्य काढलेल्या माणसाकडून कळत गेलं.

त्याच्या कारभाराची फळं दिसायला काही वर्षं जावी लागली. १९९८ च्या जूनमधली नवोदितांची निवड ही त्यानं केलेली शेवटची. त्यात पहिल्याच क्रमांकावर त्यानं व्हिन्सेंट लेकाव्हॅलिए घेतला आणि ६४ व्या क्रमांकावर ब्रॅड रिचर्ड्स. २००४ मध्ये टँपानं स्टॅन्ली कप जिंकला तेव्हा लेकाव्हॅलिए संघाचा आधारस्तंभ होता आणि बाद फेरीतल्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी रिचर्ड्सच्या हाती होती. न्यू यॉर्कमध्ये वाट न पाहणाऱ्या मॅनेजरनं टँपात लावलेलं झाड असं सहा वर्षांनी फळाला आलं. २०११ च्या ३१ डिसेंबरला क्रीडागृहाबाहेर त्याचा ब्राँझचा पुतळा उभारण्यात आला. २०२० आणि २०२१ असे सलग दोन कप टँपानं आणखी जिंकले. दुसऱ्या कपानंतर महिन्याभरानं, १० ऑगस्ट २०२१ रोजी, टोनी गेला.

व्यवस्थापक म्हणून एस्पोझिटोचं मूल्यमापन करणारे जय-पराजयाचं कोष्टक पुढे करतात. ते कोष्टक त्याच्या बाजूचं नाही. न्यू यॉर्कमध्ये त्यानं एकही मालिका जिंकली नाही, टँपात सहा वर्षांत एकदाच बाद फेरी गाठली. पण संघ चालवणारा आणि संघ जन्माला घालणारा, या दोघांना एकाच मापानं मोजणं अन्यायाचं आहे. पैसा, जागा, प्रेक्षक, काहीच नसताना जो उभा राहतो, त्याच्या वाट्याला पराभव आणि हसूच जास्त येतं. यश येतं तेव्हा टेबलामागे दुसरा कुणीतरी बसलेला असतो.

१९९२ मध्ये टँपात हॉकीची कल्पना हास्यास्पद वाटत होती. टँपाच्या पाठोपाठ १९९३ मध्ये मायामीच्या बाजूला फ्लॉरिडा पँथर्स आले. २०२० ते २०२५ या सहा वर्षांत स्टॅन्ली कपची एकही अंतिम मालिका फ्लॉरिडाच्या संघाशिवाय झालेली नाही, आणि त्यांतले चार कप याच राज्यात आले. या यशात कितीतरी मालकांचा, प्रशिक्षकांचा, खेळाडूंचा वाटा आहे. त्यांना खेळायला राज्य मिळालं ते मात्र पाम बीचच्या सभेत खिसा रिकामा असताना पाच कोटींना हो म्हणणाऱ्या माणसामुळे. एस्पोझिटोचे गोलांचे विक्रम ग्रेट्झकीनं आणि नंतर इतरांनी मागे टाकले, तसं व्हायचंच असतं. टँपात त्यानं जे उभं केलं, ते त्याच्याशिवायही वाढत राहिलं. संस्थापकाचं काम याच कसोटीवर जोखायचं असतं आणि त्या कसोटीवर फिल एस्पोझिटोच्या तोडीची माणसं या खेळात फार थोडी आहेत.